कलावंताच्या पश्चात त्याच्या वारशाची व्यवस्था : खान्देशातील कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील गायक, शाहीर, तमाशा कलावंत, बँडमास्तर आणि अहिराणी गीतकार यांच्या कुटुंबांबरोबर कागदपत्रांचे काम करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. कलावंत देशभर गाजलेला असो की पाच तालुक्यांत, कायदा दोघांनाही एकच लागू होतो. फरक पडतो तो रकमेत आणि दारावर येणाऱ्या माणसांच्या संख्येत. शेत, घर आणि दागिने यांची वाटणी कशी करायची हे आपल्याकडे प्रत्येक घराला ठाऊक असते. गाण्याची मालकी मात्र डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्याकडे सगळ्यात शेवटी लक्ष जाते आणि तोपर्यंत बरेचसे कागद हातचे गेलेले असतात. येथील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. वाद उभा राहिला असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावाच लागेल.

वडील नुकतेच गेले. गंधमुक्तीपर्यंत (सुतक फिटण्याच्या विधीपर्यंत) नेमके काय करावे आणि काय टाळावे?

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करावी आणि दाखल्याच्या दहा-बारा प्रती एकदमच घ्याव्यात, कारण बँक, विमा, महसूल, आयकर आणि संगीत कंपनी यांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र प्रत लागते. वडिलांचे सिमकार्ड बंद करू नये. त्यांच्या खात्यांचा शोध त्याच क्रमांकावर येणाऱ्या संदेशांवरून लागतो. मात्र त्या फोनवरून यूपीआयने किंवा त्यांच्या एटीएम कार्डाने पैसे काढू नयेत. अंत्यविधीच्या खर्चासाठी काढलेली रक्कमसुद्धा पुढे भावंडांत संशयाचे कारण ठरते, आणि खातेदाराच्या मृत्यूनंतर असा व्यवहार करण्याचा अधिकार कोणालाही नसतो.

या दिवसांत भेटायला येणाऱ्यांपैकी काही जण स्मरणिकेसाठी फोटो मागतात, काही जण ‘नानांच्या गाण्याची वही दोन दिवस द्या’ म्हणतात, तर एखादा सांत्वन करता करता छापील कागदावर सही मागतो. वही, कॅसेट, करारपत्र किंवा फोटो यांपैकी काहीही त्या काळात घराबाहेर जाऊ देऊ नये आणि कशावरही सही करू नये. घरातील दोन माणसांनी मिळून एका साध्या वहीत यादी करावी आणि खाली दोघांनी सह्या कराव्यात. एका कुटुंबाची गीतांची मूळ वही अशीच ‘झेरॉक्स काढून आणतो’ म्हणून गेली आणि परत आली नाही. पुढे त्यातली गाणी दुसऱ्याच्या नावाने ऐकू आली तेव्हा दाखवायला घरात एकही कागद नव्हता.

गायकाच्या वारशात नेमके काय काय येते?

हा प्रश्न नीट समजला तर पुढचे निम्मे प्रश्न पडत नाहीत, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देत आहोत.

समजा, हळदीच्या रात्री वाजणारे एक अहिराणी गाणे आहे. त्याचे शब्द एकाने लिहिले, चाल दुसऱ्याने बांधली, ते गायले तिसऱ्याने आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च चौथ्याने केला. लोकांच्या तोंडी हे ‘अमक्याचे गाणे’ असते आणि तो अमका बहुधा गायक असतो. कायद्याच्या नजरेने येथे चार वेगवेगळे हक्क आहेत : शब्दांवर गीतकाराचा, चालीवर संगीतकाराचा, गायनावर गायकाचा आणि मुद्रित ध्वनीवर निर्मात्याचा. प्रत्येक हक्काची मुदत वेगळी, वारस वेगळे आणि पैसे येण्याची वाटही वेगळी. आपल्याकडे बहुतेक लोककलावंत स्वतःच लिहितात, स्वतःच चाल लावतात आणि स्वतःच गातात, त्यामुळे एकाच माणसाच्या पश्चात तीन हक्क घरात येतात. पण ध्वनिमुद्रण कंपनीचे असल्यामुळे ‘सगळे कंपनीचेच’ असे घरचे धरून चालतात. तसे नसते. कंपनीने शब्द आणि चाल लेखी कराराने घेतली नसेल, तर त्या दोन गोष्टी कुटुंबाकडेच असतात.

कॉपीराइट कायदा, १९५७ मधील ‘कलाकार’ या शब्दाच्या व्याख्येत गायक आणि वादक यांच्याबरोबर नर्तक, कसरतपटू, जादूगार आणि गारुडी यांचीही नावे आहेत. ढोलकीवाला, संबळवाला किंवा पावरी वाजवणारा आदिवासी कलावंत यांना ‘आपण तर नुसते साथीदार’ असे वाटत असले, तरी कायदा त्यांनाही कलाकारच मानतो.

या चार हक्कांखेरीज न वटलेले धनादेश, थकलेली बिदागी, हस्तलिखिते, वाद्ये, मानचिन्हे, यूट्यूब वाहिनी आणि नावाची नोंदणी केली असेल तर ती, एवढे सारे वारशात येते. पद्म पुरस्काराचे पदक घरात राहते, परंतु ‘पद्मश्री’ ही पदवी नाही. ती नावापुढे लावू नये असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले आहे. स्मृतिमंडळाच्या पत्रिका छापताना हे सहसा विसरले जाते.

हा हक्क किती वर्षे टिकतो?

शब्द आणि चाल यांवरील हक्क गीतकाराच्या किंवा संगीतकाराच्या हयातीपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून पुढे ६० वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा ती वाढवण्यात आली. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षे ते प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात, गायक-वादकाच्या हक्काची ५० वर्षे प्रत्येक गायन-वादनाच्या वर्षापासून मोजतात.

उदाहरणार्थ, लता मंगेशकर यांचे निधन ६ फेब्रुवारी २०२२ रोजी झाले. ‘आनंदघन’ या नावाने त्यांनी काही मराठी चित्रपटांना संगीत दिले. त्या चालींची मुदत ३१ डिसेंबर २०८२ पर्यंत चालेल, मग करारानुसार त्यांची मालकी कोणाकडेही असो. गायिका म्हणून त्यांचा हक्क मात्र गाण्यागणिक निराळा मोजावा लागतो. गायक-वादकाचा हक्क आपल्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने प्रथम आला आणि १० मे १९९५ पासून लागू झाला, हेही येथे ध्यानात ठेवावे.

आपल्या मातीतील उदाहरण आणखी बोलके आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. जात्यावर आणि शेतात त्या म्हणत असलेल्या ओव्या सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी लिहून घेतल्या नसत्या तर त्यांच्याबरोबरच गेल्या असत्या. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या १९५२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. रचनाकाराच्या हयातीत प्रसिद्ध न झालेल्या रचनांची मुदत मृत्यूपासून न मोजता प्रथम प्रसिद्धीपासून मोजतात, म्हणून त्या संग्रहातील कवितांवरील हक्क २०११ च्या अखेरीस न संपता २०१२ च्या अखेरीस संपला. ज्या घरात अप्रकाशित वह्या आहेत, त्यांनी हा नियम लक्षात घेऊन त्या केव्हा आणि कशा प्रसिद्ध करायच्या हे ठरवावे. मृत्युपत्राने अप्रकाशित हस्तलिखित एखाद्याला दिले असेल आणि वेगळे काही लिहिलेले नसेल, तर त्यावरील कॉपीराइटही त्याच व्यक्तीला मिळतो. ‘वही तेवढी तुला’ असे लिहिताना हा परिणाम बहुतेकांच्या मनात नसतो.

जिभाऊंनी, म्हणजे वडिलांनी, कॅसेट कंपनीला गाणी एकरकमी विकली होती, असे कंपनी म्हणते. आता काही उरते का?

प्रथम करारपत्राची प्रत लेखी मागावी. कॉपीराइटचे हस्तांतरण लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचे असले पाहिजे. तोंडी विक्रीला अर्थ नाही. नुसत्या पावतीवर ‘गाण्याचे पैसे मिळाले’ असे लिहिलेले असेल, तर ते पैसे गाण्याच्या मेहनतीचे की हक्काच्या विक्रीचे, हा वाद घालण्यास जागा आहे.

त्यानंतर तारीख पाहावी. १० मे १९९५ नंतरच्या करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती ५ वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल, तर भारतापुरता करार समजला जातो. आणि घेणाऱ्याने वर्षभरात तो हक्क वापरलाच नाही, तर करारात वेगळे काही नसल्यास तो परत येतो. त्याआधीच्या करारांना हे नियम लागू नाहीत. खान्देशात कॅसेटचा जोर होता त्या काळातील अनेक करार नेमके या तारखेच्या अलीकडे-पलीकडे आहेत, म्हणून कागदावरचा दिनांक भिंगाखाली पाहण्याइतका महत्त्वाचा आहे.

२१ जून २०१२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना मोठा आधार दिला. हक्क विकला तरी गाण्याच्या वापराच्या मोबदल्यातील, म्हणजे रॉयल्टीतील, त्यांचा समान वाटा विकता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. तो केवळ कायदेशीर वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडे (रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे) जाऊ शकतो. कराराच्या वेळी जे माध्यम अस्तित्वातच नव्हते, ते माध्यम करारात स्पष्ट लिहिल्याशिवाय त्यात येत नाही, हेही त्याच दुरुस्तीने सांगितले. एफएम केंद्रांनी ध्वनिमुद्रित गाणी वाजवताना गीतकार-संगीतकारांची रॉयल्टीही दिली पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ठरवले. जुन्या करारांना याचा कितपत लाभ मिळेल, हे प्रत्येक कराराच्या शब्दांवर अवलंबून आहे आणि येथे वकिलाची फी वाचवण्यात शहाणपण नाही.

कानबाईची, गौराईची, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी वडिलांनी गाजवली. ती आमच्या मालकीची होतात का?

नाही. परंपरेने आलेली गाणी कोणाच्याही मालकीची नसतात आणि गावातील दुसऱ्या बाईने ती गायली म्हणून नोटीस पाठवता येत नाही. वडिलांनी त्यात घातलेली नवी कडवी, नवी संगीतरचना आणि त्यांचे स्वतःचे गायन मात्र संरक्षित असते. म्हणूनच जुने किती आणि त्यांचे किती, हे सांगू शकणारी वयस्कर माणसे हयात असतानाच त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे. तसेच लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी निगडित समारंभांत बँडने वडिलांचे गाणे वाजवले, तर त्याला कायद्यानेच सूट आहे; तेथे रॉयल्टी मागू नये.

वारस कोण?

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखे वाटे मिळतात. आईचा वाटा विसरला जातो आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीचा वाटा मुद्दाम विसरला जातो. दोन्ही चुका सारख्याच महाग पडतात. मृताचे वडील हे पहिल्या वर्गातील (सर्वांत आधी हक्क असलेले) वारस नाहीत. मुस्लिम कलावंताच्या बाबतीत वाटे शरियतप्रमाणे पडतात आणि मृत्युपत्राने, इतर वारसांची संमती नसल्यास, एक तृतीयांशापेक्षा अधिक देता येत नाही.

तमाशाच्या फडावर आयुष्य काढलेल्या काही कलावंतांचे दुसरे घरही असते. तो विषय गंधमुक्तीच्या दिवशीच निघतो, म्हणून स्पष्ट लिहितो. पहिले लग्न कायम असताना केलेल्या दुसऱ्या लग्नाची पत्नी वारस ठरत नाही, परंतु त्या संबंधातील मुले आईवडिलांच्या मालमत्तेत वारस असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२३ च्या निकालाने हे आणखी स्पष्ट झाले. रॉयल्टी ही बापाची स्वकष्टाची कमाई असल्यामुळे त्यांचा वाटा नाकारता येत नाही.

नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतील अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना हिंदू वारसा कायदा आपोआप लागू होत नाही. तेथे जमातीची रूढी पाहिली जाते. मुलींना वगळणारी रूढी सिद्ध होत नसेल, तर केवळ स्त्री म्हणून वाटा नाकारणे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटले आहे.

बँकेत मोठ्या भावाचे नॉमिनी म्हणून नाव आहे. मग पैसे त्याचेच ना?

नाहीत. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, मालक नसतो. मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्याची असते. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत हाच निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला आणि तो वाद ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातील होता. आयुर्विम्यात मात्र आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील, तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्यांना ती रक्कम स्वतःसाठी मिळते.

वडिलांनी गाण्याच्या वहीतच शेवटच्या पानावर इच्छा लिहून ठेवली आहे. ते मृत्युपत्र ठरते का?

त्यावर त्यांची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असतील तर ठरते. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही आणि आपल्या तीन जिल्ह्यांतील हिंदू माणसाच्या मृत्युपत्राला प्रोबेटची (ते न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची) सक्ती नाही. साक्षीदार नसतील, तर तो कागद कुटुंबाने मनाने मानावा, न्यायालय मानणार नाही. मोबाइलवर बोलून ठेवलेली इच्छाही मृत्युपत्र होत नाही.

अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिन २०१८ मध्ये वारल्या, तेव्हा मृत्युपत्र नाही असेच सर्वांना वाटले होते. पुढे घरातील सोफ्याच्या गादीखाली एका वहीत २०१४ चे हस्तलिखित सापडले आणि मुलांमधील वादानंतर २०२३ मध्ये मिशिगनमधील ज्यूरीने ते ग्राह्य धरले. तेथील कायद्यात साक्षीदारांवाचून चालून गेले. येथे चालले नसते. सोफा आपल्याकडे अलीकडचा, पण धान्याची कोठी, देव्हाऱ्याचा खण आणि हार्मोनियमची पेटी या तीन जागा अवश्य पाहाव्यात.

तलाठ्याकडील वारस नोंद झाली. तीच संगीत कंपनीला चालेल का?

चालत नाही. सातबाऱ्यावरील वारस नोंद ही जमिनीपुरती असते आणि ती तीन महिन्यांच्या आत कळवायची असते. बँकेतील मोठी रक्कम, शेअर आणि थकीत येणे यांसाठी दिवाणी न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र घ्यावे लागते. एकंदर वारस कोण हे जाहीर करून घेण्यासाठी १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली वारस दाखला मिळतो. दोनशे वर्षे होत आली तरी हा नियम महाराष्ट्रात चालू आहे. रॉयल्टीसाठी कंपनी कोणता कागद स्वीकारते, हे आधी लेखी विचारून मगच न्यायालयात अर्ज करावा, नाहीतर एकाच घराला दोनदा खर्च येतो. न्यायालयाच्या अर्जात प्रत्येक येणे नावानिशी लिहावे लागते, म्हणून यादी पुरी होण्याआधी घाई करू नये.

आम्ही चार भावंडे. एक म्हणतो विका, एक म्हणतो ठेवा. काय करावे?

कॉपीराइटचे चौघे सहमालक असले, तर एकाने बाकीच्यांच्या संमतीवाचून दुसऱ्याला परवाना देणे टिकत नाही. व्यवहारात याचा अर्थ असा की एक रुसला की सगळ्यांचे उत्पन्न थांबते. अमेरिकेतील प्रिन्स हा गायक एप्रिल २०१६ मध्ये मृत्युपत्राविना गेला; सहा भावंडे वारस ठरली आणि वाटणी पुरी व्हायला २०२२ उजाडले. तेवढी वर्षे वकील आणि व्यवस्थापक यांचा खर्च त्याच मिळकतीतून होत राहिला.

आमचा अनुभव असा की गाणी वाटून घेऊ नयेत, उत्पन्न वाटून घ्यावे. ‘ही दहा गाणी तुझी, ही दहा माझी’ अशी वाटणी शेताच्या बांधासारखी दिसायला सोपी असते, पण कोणते गाणे वीस वर्षांनी चालेल हे कोणालाही सांगता येत नाही, आणि एखादे चालले की बाकीच्यांच्या मनात कायमचा सल राहतो. त्याऐवजी सर्वांच्या सह्यांचे नोटरी केलेले पत्र करून एकाला पत्रव्यवहाराचा अधिकार द्यावा, रॉयल्टीसाठी स्वतंत्र बँक खाते ठेवावे आणि विक्री किंवा पाच वर्षांहून मोठा परवाना यासाठी सर्वांची सही आवश्यक ठेवावी. हिशेबाचा दिवसही पत्रातच लिहावा. सालदाराचे (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे) साल जसे आखाजीला संपते, तसा वर्षाचा हिशेब आखाजीला मांडण्याची पद्धत एका कुटुंबाने ठेवली आहे आणि ती उत्तम चालली आहे, कारण त्या दिवशी बहिणी माहेरी असतात आणि हिशेब त्यांच्यासमोरच होतो. एखाद्याला हक्क सोडायचाच असेल, तर तो लेखी सोडावा. सातबाऱ्यासाठी केलेल्या हक्कसोड पत्रात ‘सर्व मालमत्ता’ असे मोघम शब्द असतील, तर बहिणीने न वाचता सही करू नये.

रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्था कोणत्या?

गीतकार आणि संगीतकार यांच्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आहे. ती १९६९ मध्ये स्थापन झाली. गायकांसाठी २०१३ पासून इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशन आहे. सभासद वारला तर त्याच्या वारसांना अर्ज करता येतो. वडील सभासदच नसतील, तरी वारसांनी गाण्यांची यादी, प्रसिद्धीचे वर्ष, कंपनीचे नाव आणि कॅसेटच्या कव्हराचे फोटो घेऊन विचारणा करावी. कव्हरावर गीतकार म्हणून ‘पारंपरिक’ असे छापलेले असेल आणि शब्द प्रत्यक्षात वडिलांचे असतील, तर ती दुरुस्ती आधी करून घ्यावी; हा घोळ आपल्याकडे फार आहे.

वडिलांचा व्यवस्थापक म्हणतो की त्याच्याकडे मुखत्यारपत्र आहे. शिवाय कार्यक्रमांच्या घेतलेल्या सुपाऱ्या आणि फडमालकाकडून आगाऊ घेतलेली उचल यांचे काय?

मुखत्यारपत्र देणारा वारला की ते संपते. त्यानंतर व्यवस्थापकाने केलेली सही कुटुंबावर बंधनकारक नाही. तसे त्याला आणि ज्यांच्याशी तो व्यवहार करतो त्यांना लेखी कळवावे.

गायन ही व्यक्तिगत कला असल्यामुळे सारंगखेड्याच्या यात्रेची किंवा लगीनसराईची सुपारी वडिलांनी घेतली असली, तरी मुलाने उभे राहून गायलाच पाहिजे असे बंधन नाही. घेतलेला इसार मात्र परत द्यावा लागतो. उचल हे कर्ज आहे आणि ते वडिलांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतेच वारसांवर येते. मुलाच्या स्वतःच्या कमाईवर फडमालकाला हक्क सांगता येत नाही. ‘बापाची उचल फिटेपर्यंत पोराने फडावर राहावे’ ही मागणी बेकायदेशीर आहे आणि ती मान्य करू नये.

यूट्यूब वाहिनी वडिलांच्या नावावर होती. ती कशी सांभाळावी?

वाहिनी बंद करू नये आणि त्यावरील जुनी गाणी काढून नव्याने चढवू नयेत, कारण प्रेक्षकसंख्या आणि प्रसिद्धीची तारीख हा मालकीचा पुरावाच आहे. मृताच्या खात्यासाठी गूगलकडे दाखल्यासह अर्ज करण्याची सोय आहे. हयात कलावंतांनी निष्क्रिय खाते व्यवस्थापक ही सुविधा आजच भरून ठेवावी, म्हणजे मुलांची धावपळ वाचते. वाहिनी प्रत्यक्षात एखाद्या भाच्याने किंवा स्टुडिओवाल्याने काढलेली असेल, तर उत्पन्न कोणाच्या खात्यात जाते हे शांतपणे विचारून लिहून घ्यावे. पुष्कळदा लबाडी नसते. वडिलांना इंटरनेट येत नव्हते म्हणून पोराने स्वतःचे खाते जोडलेले असते.

माळ्यावर कॅसेटी आणि स्पूल टेप आहेत. त्यांचे काय करावे?

प्रथम त्या माळ्यावरून खाली आणाव्यात. जळगावचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून अधिक तापते; फितीचा थर सुटतो, डबी वाकते. घरातील सर्वांत थंड खोलीत, कोरड्या जागी, पुस्तकासारख्या उभ्या ठेवाव्यात. प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेवरील दोन लहान पाकळ्या मोडाव्यात, म्हणजे चुकून वरून ध्वनिमुद्रण होणार नाही. चिकटलेली टेप घरच्या यंत्रावर लावून पाहू नये. एकदा तुटली की तेवढे गाणे गेले.

डिजिटल प्रत करताना एमपी३ मागू नये; ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट किंवा त्याहून वरची वेव्ह फाइल मागावी आणि तिच्या तीन प्रती तीन घरांत ठेवाव्यात. निवेदकाचे बोलणे, मध्येच आलेली खाकरणी, श्रोत्यांची फर्माईश यांतले काहीही कापू नये. तारीख आणि गाव पुष्कळदा त्या बोलण्यातूनच कळते. आकाशवाणी जळगाववर झालेल्या ध्वनिमुद्रणाची प्रत घरी असली, तरी त्या मुद्रणाचा हक्क वेगळा असू शकतो. ते ऐकावे, जपावे, पण विचारल्याशिवाय प्रसिद्ध करू नये.

त्यांचा आवाज संगणकावर तयार करून कोणी नवे गाणे काढले तर?

हयात कलावंतांना न्यायालये संरक्षण देऊ लागली आहेत. अरिजित सिंग यांना २०२४ मध्ये आणि आशा भोसले यांना २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असे अंतरिम आदेश दिले. मृत व्यक्तीच्या नावलौकिकाचा हक्क वारसांकडे येत नाही, असे मात्र मद्रास आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी वेगवेगळ्या प्रकरणांत म्हटले आहे. त्यामुळे वारसांनी आवाजावर विसंबून न राहता दुसऱ्या दोन मार्गांनी जावे. मूळ गाण्याची मोडतोड होऊन कलावंताची बदनामी होत असेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ खाली वारसांना दाद मागता येते. आणि कोणी त्यांचे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवू पाहत असेल, तर मृत्यूला २० वर्षे झालेली नसल्यास निबंधक वारसांची संमती मागू शकतो.

कर भरावा लागतो का?

वारसा मिळाला म्हणून कर नाही. मालमत्ता शुल्क १९८५ मध्ये रद्द झाले. मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र वारसाने प्रतिनिधी म्हणून मृताच्या पॅनवर भरावे. त्यानंतरची रॉयल्टी वारसांचे स्वतःचे उत्पन्न धरली जाते.

शासनाचे मानधन बंद होते का?

राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाच्या योजनेतून ज्येष्ठ कलावंताला मिळणारे मानधन त्याच्या पश्चात पती किंवा पत्नीला मिळू शकते; पंचायत समितीकडे किंवा जिल्हा परिषदेकडे अर्ज करावा.

वडिलांच्या नावाने ट्रस्ट काढावा का?

तीन वर्षे थांबून मग काढावा, असे आमचे मत आहे. पहिल्या पुण्यतिथीच्या उत्साहात नोंदवलेले अनेक ट्रस्ट धर्मादाय कार्यालयात हिशेब न दिल्यामुळे अडचणीत येतात. कार्यक्रम करायचा असेल, तर तो ट्रस्टवाचूनही होतो. गाण्यांचे हक्क ट्रस्टच्या नावे करायचे असतील, तर ते परत घेता येत नाहीत हे सर्व वारसांना, विशेषतः आईला, समजावून सांगावे. जळगावात दर जानेवारीत भरणारा बालगंधर्व संगीत महोत्सव एका दिवंगत संगीतप्रेमीच्या स्मृतीनेच चालतो. पण त्यामागे वर्षभर राबणारी माणसे आहेत, आणि तशी माणसे आपल्याकडे आहेत का, हे आधी मोजावे.

हार्मोनियम एक आणि मुले तीन. ती कोणाकडे ठेवावी?

वाद्याची किंमत कारागिराकडून ठरवून घ्यावी आणि ती वाटणीपत्रात स्वतंत्र ओळीत लिहावी. जो वाजवतो त्याच्याकडे ती ठेवावी आणि त्याने इतरांना त्यांच्या वाट्याची रक्कम द्यावी, किंवा त्यांनी ती मागू नये. कोणीच वाजवत नसेल, तर वडिलांच्या साथीदाराला किंवा शिष्याला वापरण्यास द्यावी. मालकी कुटुंबाची असल्याचे चार ओळींचे पत्र करावे आणि भाता, सूर यांची दुरुस्ती कोणी करायची तेही त्यात लिहावे. बंद खोलीत ठेवलेल्या पेटीच्या भात्याला दोन पावसाळ्यांत कसर लागते.